'दहशतवादाला धर्म नसतो' हे वाक्य आता बास करा (चर्चा)

वाठारचा_गडी
कुठंबी हल्ला झाला की दुसऱ्या दिवशी हे वाक्य ठरलेलं, पुढाऱ्यांपासनं न्यूज अँकरपर्यंत. मला पटत नाही. पहलगामला २२ एप्रिल २०२५ ला २६ माणसं मारली, त्यात धर्म विचारून विचारून मारली, मग धर्म नव्हता म्हणजे काय? २६/११ ला पोरांना फोनवरनं सूचना देणारे पाकिस्तानात बसून त्यांना स्वर्गाचं आमिष दाखवत होते, ते संभाषण रेकॉर्ड झालंय. त्या रात्री कसाबची बंदूक छातीवर धरणारे तुकाराम ओंबळे आपल्या जावळी तालुक्यातल्या केडंबेचे, म्हणून मला तरी हे लांबचं वाटत नाही. आणि फक्त एकाच धर्माचं बोलतोय असं कुणी समजू नका, अंधश्रद्धा निर्मूलनवाले दाभोलकर डॉक्टर साताऱ्याचेच, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या घातल्या, २०२४ ला कोर्टानं दोघांना जन्मठेप दिली. त्यांनी कुणाचं शेत लाटलं होतं का? प्रश्न विचारायचे, एवढंच. माझं म्हणणं सरळ आहे, 'हे देवाचं आहे, इथं प्रश्न विचारायचा नाही' हे लहानपणापासनं डोक्यात भरलं की पुढचं काम सोपं होतंय. तुमचं काय मत?

मिरजेचा_तंबोरा
भावा अर्धंच सांगितलंस. गांधीजींचा खून झाल्यावर १९४८ ला आपल्या सातारा सांगली कोल्हापूर पट्ट्यात ब्राह्मणांची घरं जाळली, माहिती असेलच. जाळणारे आणि ज्यांची जळली ते, दोघंबी एकाच विठोबाच्या पाया पडणारे. तिथं कुठली श्रद्धा आडवी आली? मारणारा एक, त्याच्या जातीचे म्हणून हजारो जबाबदार, बस एवढंच गणित. श्रद्धा नको, 'आपले' आणि 'ते' एवढं असलं तरी पेट्रोलची बाटली तयार होते. शिवाय राजीव गांधींना मारणारे श्रीलंकेतले एलटीटीईवाले धर्मासाठी लढत नव्हते, त्यांना तमिळ राज्य पाहिजे होतं. गडचिरोलीत १ मे २०१९ ला १५ पोलीस स्फोटात गेले, ते करणारे नक्षलवादी तर देवच मानत नाहीत.

वाठारचा_गडी
ही दोन उदाहरणं दरवेळी येतात, येणारच म्हणून वाट बघत होतो 😄 डेंग्यूनं ताप येतो म्हणून मलेरियानं येत नाही असं होतं का? मी कुठं म्हणलो की सगळी हिंसा धर्मामुळं होते.

विश्रामबागवाले_सर
थोडं अभ्यासाचं बोलतो. शिकागो विद्यापीठाचे रॉबर्ट पेप यांनी १९८० ते २००३ मधले जगभरातले ३१५ आत्मघातकी हल्ले तपासले, त्यात सगळ्यात पुढं होते एलटीटीईवाले, ७६ हल्ले. त्यांचा निष्कर्ष असा की बहुतेक ठिकाणी मूळ मुद्दा परक्या सैन्याला आपल्या जमिनीवरून हाकलण्याचा असतो, धर्म नंतर भरती करायला आणि माणसं टिकवायला कामाला येतो. दुसरं, जिना काही नमाजी म्हणून ओळखले जात नव्हते, आणि सावरकर गाय पूज्य नाही, उपयुक्त पशू आहे म्हणायचे. धर्माच्या नावावर राजकारण उभं करायला माणूस भाविक लागतोच असं नाही.

वाठारचा_गडी
सर आदरानं बोलतो, पण पेप यांचा आकडा २००३ ला थांबतो. त्यानंतर इराकमध्ये शिया मशिदीत नमाजाच्या वेळी बॉम्ब फुटले, मरणारे तिथलेच, परकं सैन्य नव्हे. आणि २०१४ ला आयसिसनं इराकमधल्याच सिंजारमध्ये यझिदी या छोट्या धर्माच्या लोकांचं जे केलं, पुरुष मारले, बायका गुलाम म्हणून विकल्या. यझिदींनी कुणाच्या जमिनीवर सैन्य घातलं होतं हो? एकच गुन्हा, त्यांची पूजा वेगळी. आणि हे करताना आयसिसवाल्यांनी धर्मग्रंथांचा आधार काढून दाखवला, गुलाम ठेवणं कसं योग्य आहे ते छापून वाटलं. इथं नुसतं 'राजकारण आहे' म्हणून सुटता येत नाही.

विश्रामबागवाले_सर
यझिदींचा मुद्दा मान्य. तिथं माझ्याकडं उत्तर तोकडं पडतंय. पण त्याच ग्रंथाचा आधार घेऊन जगभरच्या शंभराहून जास्त मुस्लिम विद्वानांनी २०१४ लाच आयसिसचा म्होरक्या बगदादीला उघड पत्र लिहून हे चूक आहे म्हणून सांगितलं, तेबी धरा हिशोबात.

कडेगावची_लेक
इथं सगळे पुरुष मोठमोठे दाखले देतायत, मी गावचं सांगते. आमच्याकडं मोहरमला उंचच्या उंच ताबूत निघतात, बघायला सगळा जिल्हा लोटतो, त्यात हिंदूंचे मानाचे ताबूत पण असतात. वाळव्यातल्या गोटखिंडीत गणपती मशिदीत बसतो, आज नाही, कितीतरी वर्षांपासनं. ही माणसं कमी श्रद्धेची आहेत का? उलट लई श्रद्धेची आहेत म्हणून तर जमतंय त्यांना. श्रद्धेला शिव्या द्यायच्या आधी हे कुठं बसवता ते सांगा.

वाठारचा_गडी
ताई कौतुकच आहे, पण गोटखिंडीची बातमी का होते? अपवाद आहे म्हणूनच ना.

कडेगावची_लेक
मग दंगलीची पण बातमीच होते की दादा. ती अपवाद नाही, आणि आमचं तेवढं अपवाद?

ढवळी_नाका
👆 हे भारी होतं

मिरजेचा_तंबोरा
मी मिरजेचंच सांगतो. २००९ चा गणेशोत्सव, कमानीवर अफजलखान वधाचं चित्र, त्यावरनं दगडफेक, मग कर्फ्यू, लोण सांगली इचलकरंजीपर्यंत. पुढच्याच महिन्यात विधानसभेचं मतदान होतं, हा योगायोग ज्याला वाटतो त्याला वाटू दे. आता मला सांगा अफजलखान वध हा कुणाच्या श्रद्धेचा भाग आहे? १६५९ ची लढाई आहे ती, स्वराज्य विरुद्ध आदिलशाही, खानाचा वकील कृष्णाजी भास्कर कुलकर्णी होता. पूजा राहिली बाजूला, भांडण सुरू झालं चित्रावरनं. आणि त्याच मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरसाला गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं गाणं होतं, पहिला गलेफ (कबरीवरची चादर) चर्मकार समाजाचा असतो. गाव तेच, दर्गा तोच. मग २००९ ला वेगळं काय होतं? श्रद्धा तर तेवढीच होती. वेगळे होते ते कमान आणि तारीख ठरवणारे.

वाठारचा_गडी
बरं, आमच्या सातारा जिल्ह्यातली पुसेसावळी घ्या. १० सप्टेंबर २०२३, सोशल मीडियावर एक पोस्ट आली म्हणून जमाव मशिदीवर चालून गेला, एक तरुण मेला, जिल्ह्यात नेट बंद. तिथं कमान नव्हती, मतदान नव्हतं. एका पोस्टनं एवढी माणसं का पेटतात? 'आमच्या श्रद्धेचा अपमान' एवढं एक वाक्य पुरतंय. दूध संघाच्या चेअरमनला कुणी शिवी घातली तर गाव असं पेटत नाही.

ढवळी_नाका
चेअरमनसाठी पण डोकी फुटलेली बघितलीत मी 😂 सोसायटीच्या इलेक्शनला ये आमच्याकडं

विश्रामबागवाले_सर
विनोद सोडा, मुद्दा यातच आहे. पेटणाऱ्यांतल्या किती जणांनी पोथी उघडलेली असते? अपमान होतो तो देवाचा नाही, आपल्या गटाचा. तुम्ही ज्याला श्रद्धा म्हणताय तो निव्वळ गटाचा अभिमान आहे.

वाठारचा_गडी
असू दे की सर, पण त्या गटाला पवित्रपणा कोण देतं? म्हणूनच सोसायटीत फुटलेलं डोकं पोलीस केस होऊन मिटतं, आणि हे पिढ्यान्‌पिढ्या मिटत नाही. चला मी एक पाऊल मागं येतो, पहिला दोष पेटवणाऱ्याचा, कमानवाल्याचा, पोस्टवाल्याचा, फोनवरनं सूचना देणाऱ्याचा. पण दुसरा दोष त्या खऱ्या भाविकांचा जे त्या वेळी घरात बसतात आणि 'आमचा धर्म असा नाही' हे मागनं सांगतात. त्यांच्याच देवाच्या नावानं चाललंय तर पहिल्यांदा त्यांनी बाहेर यायला पाहिजे.

कडेगावची_लेक
दादा, जमाव रस्त्यावर असतो तेव्हा माणूस घरात बसतो तो भीतीनं, श्रद्धेनं नाही. त्या रात्री देव न मानणारे पण दार लावूनच बसलेले असतात.