चार दिवसांची सायकल सहल: डोनाऊ, बोडनझे की आल्टम्यूल?

प्रेषक: पासिंगकर
विषय: फ्रोनलाइशनामच्या सुट्टीत सायकल सहल

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये फ्रोनलाइशनामचा (इथल्या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीचा) गुरुवार आणि शुक्रवारची रजा धरून चार दिवस मिळतायत. निघणार म्युनिकहून. आम्ही दोन कुटुंबं: चार मोठे, तेरा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि पुण्याहून आलेल्या आई, त्या ई-बाईकवर. एकूण सात सायकली. डोनाऊच्या (डॅन्यूब नदीच्या) काठाने पासाऊ ते व्हिएन्ना करावं म्हणतोय. 320 किलोमीटर, म्हणजे दिवसाला 80. वाट सपाट आहे आणि सगळेच ती करतात. मुक्काम कुठे कुठे करावेत ते सांगाल का? निघायला पाच आठवडे आहेत.

– पासिंगकर

---

प्रेषक: फ्रायझिंगकर
विषय: उत्तर: फ्रोनलाइशनामच्या सुट्टीत सायकल सहल

नमस्कार,

मुक्कामांचं नंतर बघू, आधी गणित बघा. नऊ वर्षांच्या मुलाची सायकल 24 इंची. सपाटीवर तो ताशी 12-13 किलोमीटरने जाईल, आणि गटाचा वेग त्याचाच. 45 किलोमीटर म्हणजे साडेतीन तास पेडल मारणं. त्यात पाणी, आइस्क्रीम, शू, साखळी उतरणं आणि जेवण धरलं की सहा-सात तास सहज जातात. 80 किलोमीटरला अकरा-बारा तास लागतील. पहिल्या दिवशी हौसेने होईल, दुसऱ्या दिवशी दुपारी रस्त्याच्या कडेला रडारड. तुमच्या गटाला दिवसाला 40 ते 45, आणि रेल्वेगाडीचा प्रवास असेल त्या दिवशी 25 ते 30, त्यावर नको. म्हणजे चार दिवसांत जेमतेम 140. व्हिएन्ना इथेच बाद.

दुसरं, बहुतेक जण नदी आधी निवडतात आणि परतीची गाडी शेवटी शोधतात. उलटं करा. नकाशावर आधी रेल्वे स्टेशनांवर खुणा करा. कोणत्याही दोन खुणांमध्ये तुमच्या अर्ध्या-पाऊण दिवसाच्या चालीपेक्षा जास्त अंतर असेल तर त्या तुकड्यात कुणाचा गुडघा धरला, रिम वाकली किंवा दिवसभर पाऊस लागला की सुटका नाही. पासाऊच्या खाली नेमकं हेच होतं. श्लोगनच्या वळणाचा टापू सगळ्यात देखणा, पण पासाऊपासून थेट ओटन्सहाइमपर्यंत, सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरहून जास्त, नदीकाठाने रेल्वेच नाही. बोट आहे, पण ती तिच्या वेळेला येणार, तुमच्या नाही.

आणि व्हिएन्नाहून परत येताना रेलजेट या वेगवान गाडीत सायकलीला आरक्षण सक्तीचं, जागा मोजक्याच. लाँग वीकेंडच्या रविवारी सात जागा एकाच गाडीत मिळतील या भरवशावर राहू नका.

– फ्रायझिंगकर

---

प्रेषक: एर्डिंगकर काका
विषय: उत्तर: उत्तर: फ्रोनलाइशनामच्या सुट्टीत सायकल सहल

ताई, डोनाऊला एवढं झोडपू नका! वाऱ्याचा आणि उताराचा हिशोब तिथे उत्तम जमतो. पासाऊ साधारण 300 मीटरवर, व्हिएन्ना 160 वर, आणि वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणजे पाठीशी. वाट जवळपास सगळी डांबरी. आणि बाहेर पडायला जागा नाही ही तक्रार लिन्झच्या वरच्या भागाला लागू. खाली मेल्क, क्रेम्स, टुल्न, सगळीकडे स्टेशनं आहेत. मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊचा तुकडा 35-36 किलोमीटरचा आणि 2000 सालापासून जागतिक वारसा. पण तो जुलैच्या मध्यावर करा, जर्दाळू तेव्हा पिकतात. जूनमध्ये नुसती झाडं बघून यावं लागेल.

पुढे कधी पासाऊहून निघालात तर काठ जपून निवडा. डाव्या काठाला आऊ ते ग्राफनाऊ या तुकड्यात वाटच नाही, तिथे फेरीबोट घ्यावी लागते, आणि त्या बोटी संध्याकाळी लवकर थांबतात. त्या टापूत शेवटची बोट चुकली की मागे वळून लांबचा फेरा. ओटन्सहाइम ते लिन्झ हा शेवटचा पट्टा मोठ्या रस्त्याला लागून आहे. सुरक्षित आहे, पण कान किटतात.

जूनसाठी माझं मत बोडनझे, म्हणजे जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवरचं मोठं तळं. त्याची पूर्ण प्रदक्षिणा 260 किलोमीटरच्या आसपास, ती नाही करायची. पूर्वेकडची अर्धी करायची: लिंडाऊ, ब्रेगेन्झ, रोरशाख, रोमान्सहोर्न, कॉन्स्टान्स, तिथून मेर्सबुर्गची फेरीबोट (पाऊण नव्हे, पाव तासाची, रात्रीही चालते), मग फ्रीड्रिक्सहाफनवरून लिंडाऊ. 130 ते 140 किलोमीटर. म्युनिकहून मेमिंगनमार्गे लिंडाऊला सरळ रीजनल (जवळच्या पल्ल्याची, थांबत जाणारी) गाडी आहे. तळ्याभोवती स्टेशनं इतकी की सहसा अर्ध्या तासात एखादं लागतंच, आणि थकलात तर रोमान्सहोर्नहूनच फ्रीड्रिक्सहाफनची फेरीबोट घ्या, चाळीस मिनिटांत पलीकडे. ताईंची खुणांची परीक्षा हा मार्ग पहिल्या नंबराने पास होईल.

घड्याळाच्या दिशेने जा. उजवीकडून चालायचं असल्याने तळं कायम आपल्या हाताशी राहतं, रस्ता ओलांडावा लागत नाही. किनाऱ्यावरचे नारिंगी दिवे लुकलुकताना दिसले तर मोजा: मिनिटाला 40 वेळा म्हणजे जोराच्या वाऱ्याचा इशारा, 90 म्हणजे वादळ. 90 ला फेरीबोटीचा विचार सोडून छप्पर गाठायचं.

स्विस बाजूला पासपोर्ट जवळ हवाच. आईंच्या शेंगेन व्हिसावर तिन्ही देश चालतात. मोबाइलचं रोमिंग मात्र तपासा, ईयूचा पॅक तिथे लागू असेलच असं नाही.

– एर्डिंगकर

---

प्रेषक: दाखाऊकर
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: सायकल सहल

काका, मार्ग सुरेख आहे, पण खोल्या? फ्रोनलाइशनामच्या चार दिवसांत, पाच आठवडे आधी, बोडनझेवर सात माणसांना एकेका रात्रीसाठी जागा! गर्दीच्या दिवसांत तिथली बरीच घरं एका रात्रीचं बुकिंग घ्यायला नाखूश असतात. "बेट उंट बाइक" (जर्मनमध्ये 'पलंग आणि सायकल') अशी पाटी असलेल्या ठिकाणी एका रात्रीसाठी सायकलवाल्यांना घेतात, सायकली कुलुपात ठेवायची सोय असते, म्हणून आधी तीच शोधायची. पण तीच आधी भरतात. शिवाय त्या सुट्टीत तळ्याकाठची वाट म्हणजे गणपतीतला लक्ष्मी रोड. नऊ वर्षांच्या मुलाला त्या गर्दीत सरळ रेषेत चालवणं हे मोठ्यांसाठी कामच आहे.

म्हणून आल्टम्यूल सुचवतो. बायर्नमधली (बव्हेरियातली) सगळ्यात संथ नदी, तसाच तिचा काठ. ट्रॉइश्टलिंगन ते केल्हाइम 130 किलोमीटरच्या आसपास, उतार सगळा मिळून सत्तर मीटरच्या आतबाहेर. खुणा बघा: ट्रॉइश्टलिंगन, पापनहाइम, झोल्नहोफन, डोल्नश्टाइन, आइशटेट ही सगळी स्टेशनं म्युनिकच्या थेट रीजनल मार्गावर. त्यापुढे बाइलनग्रीस, रीडनबुर्गला रेल्वे नाही, आणि इथेच लोक हा मार्ग सोडतात. पण मध्ये किंडिंग आहे! म्युनिक-न्युर्नबर्गच्या वेगवान मार्गावरचं स्टेशन, रीजनल गाडी थांबते. म्हणजे सुटकेची दारं तीन: आइशटेट, किंडिंग आणि शेवटी झाल. केल्हाइमला प्रवासी रेल्वे नाही, स्टेशन पाच-सहा किलोमीटरवर झालला आहे, हे विसरू नका. रविवारी संध्याकाळी केल्हाइमच्या चौकात स्टेशन शोधणारी माणसं दिसतात.

दिवस असे पाडा. गुरुवारी सकाळच्या गाडीने ट्रॉइश्टलिंगन, तिथून डोल्नश्टाइन, 28 च्या आसपास. वाट रेल्वेला चिकटूनच आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी कुणाचं काही बिनसलं तरी काळजी नाही. शुक्रवारी आइशटेट ओलांडून किप्फनबर्ग, 40-42. शनिवारी किप्फनबर्ग, किंडिंग, बाइलनग्रीस, डीटफुर्ट, रीडनबुर्ग, 45. हा सगळ्यात लांब दिवस, आणि आठ-एक किलोमीटरवरच किंडिंग लागतं. कुणाला जमत नसेल तर निर्णय तिथेच घ्या, पुढे दार नाही. रविवारी एसिंगचा लाकडी पूल बघत केल्हाइम, 17-18. मग डोनाऊवरून वेल्टनबुर्गच्या मठाला जाणारी बोट: प्रवाहाविरुद्ध चाळीस मिनिटं, परत येताना वीस. पाणी फार वाढलं किंवा फार उतरलं की बोट बंद असते, सकाळी विचारून घ्या.

डीटफुर्टनंतर नदी माइन-डोनाऊ कालव्यात जाते. वाट सरळ, रुंद आणि उघडी. वारा समोरचा असेल तर तो तुकडा दुपारऐवजी सकाळी काढलेला बरा.

झोल्नहोफनला थांबा. आर्किओप्टेरिक्सचे (पंखवाल्या आदिम पक्ष्याचे) जीवाश्म या टापूतल्या चुनखडीत सापडले, आणि आइशटेटजवळ ब्लुमेनबेर्गच्या खाणीत हातोडी-छिन्नी घेऊन मुलांना स्वतः दगड फोडता येतात. मोठ्यांसाठी वेगळी गंमत: झेनेफेल्डरने 1796 च्या सुमारास शिळाछपाई शोधली ती इथल्याच दगडावर. आपल्याकडच्या जुन्या शिळाप्रेसच्या पोथ्या आणि रविवर्म्याच्या छापील देवांच्या तसबिरी याच तंत्राची लेकरं. आईंना हे नक्की सांगा.

– दाखाऊकर

---

प्रेषक: पासिंगकर
विषय: आल्टम्यूल ठरलं

मंडळी, आल्टम्यूल ठरलं. किप्फनबर्ग आणि रीडनबुर्गच्या खोल्या मिळाल्या, डोल्नश्टाइनची आज विचारतोय. आता प्रश्न: ई-बाईकची बॅटरी पुरेल का? आमच्या सायकली साध्या ट्रेकिंगच्या, टायर 37 मिमीचे. गाडीत सात सायकली चढतील का? आणि आम्ही शाकाहारी.

– पासिंगकर

---

प्रेषक: फ्रायझिंगकर
विषय: उत्तर: आल्टम्यूल ठरलं

बॅटरी: 500 वॉट-तासांची असेल तर सपाटीवर, मदत कमी ठेवून, 70 किलोमीटरला मरण नाही. तुमचा सगळ्यात लांब दिवस 45. चार्जर मात्र सोबत न्या, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. गाडीत चढवताना बॅटरी काढून पाठीच्या पिशवीत टाका, अडीच-तीन किलो कमी होतात. आणि किल्ली आईंच्या पर्समध्ये नको, गळ्यात.

टायर: 37 पुरेसे. वाट बरीचशी बारीक खडीची. टायरच्या कडेवर दाबाची वरची आणि खालची मर्यादा छापलेली असते, खडीसाठी खालच्या बाजूला राहा. गच्च फुगवलात तर हात बधिर होतात आणि वळणावर चाक घसरतं. सामान मागच्या चाकावर दोन्ही बाजूंना सारखं, जड वस्तू तळाशी. आरे तुटतात ते बहुतेक मागच्या चाकाचे, गिअरच्या बाजूचे, म्हणून निघण्याआधी दोन-दोन आरे चिमटीत दाबून बघा आणि ढिले असतील तर चाक दुकानात सरळ करून घ्या. ब्रेकच्या रबरावरच्या खाचा पुसल्या असतील तर रबर बदला. मुलाच्या सायकलला सामान लावू नका.

बूड दुखतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणून सराव एका दिवसाचा नको, लागोपाठ दोन दिवस, 30-30 किलोमीटर, सामान लादून, म्युनिकच्या इझार नदीच्या काठाने. पॅडवाली चड्डी असेल तर आत दुसरी घालायची नाही. हे आईंना कुणी सांगायचं ते घरात ठरवा.

गाडी: फ्रोनलाइशनामला बायर्न-टिकीट (राज्यभराचं एका दिवसाचं गटाचं टिकीट) सकाळी नऊची वाट न बघता चालतं, पण सायकलीचं दिवसाचं टिकीट वेगळं काढायचं. डॉइशलांड-टिकीट (देशभराचा मासिक पास) असलं तरीही. रीजनल गाडीत सायकलीची जागा कुणी राखून ठेवत नाही, व्हीलचेअर आणि बाबागाड्यांचा हक्क आधी. चार आणि तीन असे दोन गट करा, वेगवेगळ्या दारांना उभे राहा, आणि प्रत्येक गटाकडे आपलं टिकीट असू द्या. शक्यतो गाडी जिथून सुटते तिथे चढा. रविवारी झालची दुपारी चार ते सहाची गाडी टाळा. एकतर दोनच्या आत, नाहीतर सातनंतर.

जेवण: गुरुवारी आणि रविवारी दुकानं बंद, त्यामुळे खरेदी बुधवारी संध्याकाळी. दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या दोन दिवस टिकतात. गावातल्या गास्टहाउसमध्ये केझेश्पेट्झले (चीज घातलेल्या शेवया) मिळतात, वर तळलेला कांदा येतो. बटाट्याचं सॅलड निरागस दिसतं, पण बायर्नमध्ये त्यात बहुधा मांसाचं सूप घातलेलं असतं, विचारून घ्या. पाणी माणशी दीड लिटर. दफनभूमीत नळ असतात, पण "काइन ट्रिंकवासर" (पिण्याचं पाणी नाही) पाटी असेल तर ते फक्त फुलांसाठी.

गवतात बसलात तर संध्याकाळी सगळ्यांच्या गुडघ्यामागे, काखेत, मुलांच्या केसांत गोचीड तपासा.

– फ्रायझिंगकर

---

प्रेषक: एर्डिंगकर काका
विषय: उत्तर: उत्तर: आल्टम्यूल ठरलं

एकच भर. 24 इंची ट्यूब खेड्यातल्या दुकानात मिळेलच असं नाही, घरूनच दोन न्या. सातही सायकलींचे व्हॉल्व्ह आजच बघा: बारीक फ्रेंच, जाड मोटारीचा की जुना ब्लिट्झ? पंप तिन्हीला बसणारा घ्या. माझा देतो, शनिवारी मंडळाच्या हॉलवर भेटू.

– एर्डिंगकर