'इंडियन समर'ला मराठीत काय म्हणावं?

मैत्रायणी (बोस्टन)
इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी न्यू इंग्लंडमधल्या एका कथेचा अनुवाद करतेय आणि एका वाक्यापाशी चार दिवस अडून बसलेय. पहिलं हिव पडून गेलं, पानं निम्मी गळाली की मध्येच आठवडाभर ऊबदार, कोरडी, जराशी धुरकट हवा पडते. तिला इथे 'इंडियन समर' म्हणतात. संपादकांनी परस्पर 'भारतीय उन्हाळा' करून टाकलं. ते वाचून डोळ्यांपुढे नागपूरची मे महिन्यातली दुपार येणार, आणि कथेतली म्हातारी तर स्वेटर काढून पायरीवर ऊन खात बसलीय!

गेल्या वर्षी अशाच दिवसांत ऑफिसमधली मैत्रीण कौतुकाने म्हणाली, "आज तुझ्या देशासारखी हवा आहे ना?" हे नाव आपल्या देशावरून पडलंय असं तिला खरंच वाटत होतं. हा 'इंडियन' अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा. शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीपासून सापडतो, तो का पडला यावर एकमत नाही. मी म्हटलं, ऑक्टोबरात आमच्या मुंबईतही तापतं, पण ते वेगळं. तर म्हणाली, "तुमच्याकडे बारा महिने सारखंच ना?" मी दादरची. सहामाहीचा पेपर लिहिताना मनगटाखाली रुमाल धरायचो, नाहीतर घामाने शाई फुटायची. त्याच वर्गात जुलैमध्ये दप्तराला बुरशी यायची. बारा महिने सारखं कुठलं?

तर 'ऑक्टोबर हीट' चालेल का?

गोदाकाठ
नको, अर्थ उलटा होतो. त्यांची ती थंडीतून मिळालेली सवलत, आपली पावसानंतरची परीक्षा. पाऊस माघारी फिरतो, आभाळ मोकळं होतं, जमीन अजून ओली, त्यामुळे ऊनही लागतं आणि घामही वाळत नाही. हवामान खात्याने २०२० मध्ये तारखा सुधारल्या, त्यानुसार पाऊस मुंबईतून ८ ऑक्टोबरच्या सुमारास जातो. पुढचे दोन-तीन आठवडे हीच गत. आणि 'हीट' तरी कशाला? माझी आजी 'आश्विनातलं ऊन' म्हणायची. तुमच्या कथेसाठी 'परतीचा उन्हाळा' कसा वाटतो? 'परतीचा पाऊस' सगळ्यांना कळतो.

अक्षरवेल
'परतीचा उन्हाळा' कानाला गोड आहे, पण चुकीचा. परतीचा पाऊस घरी जाता जाता पडतो, म्हणून परतीचा. इथे ऊन जाताना दिसत नाही, गेलेलं पुन्हा येतं. आपल्याकडे 'उघडीप' असा सुरेख शब्द आहे. 'थंडीने उघडीप दिली' असं का नाही लिहायचं?

तळकोकण
उघडीप पावसाचीच. चार दिवस झड लागल्यावर दुपारी ऊन पडलं आणि आईने घाईघाईने गोधड्या कठड्यावर टाकल्या, ती उघडीप. थंडीला ती लावली तर आमच्याकडे कोणाला कळणार नाही.

श्टुटगार्टवाला
जर्मनमध्ये याच हवेला 'आल्टवायबरझोमर' म्हणतात. शब्दशः म्हातारबायांचा उन्हाळा. हवेत तरंगणाऱ्या कोळ्याच्या जाळ्यांशी त्याचा संबंध जोडतात. रशियनमध्येही 'बाब्ये लेतो', म्हणजे बायाबापड्यांचा उन्हाळा. तुमच्या कथेत पायरीवर म्हातारी आहेच, मग 'म्हातारीचं ऊन' करा. सावरीचा कापूस उडतो तेव्हा आपण 'म्हातारी उडतेय' म्हणतोच की.

मैत्रायणी
'म्हातारीचं ऊन' वाचून अंगावर काटा आला. पण मूळ लेखकाने जे म्हटलं नाही, ते मी त्याच्या तोंडी घालू का?

वऱ्हाडी
तुम्ही सगळे ऊन ऊन करता, आमच्याकडे नवतप्यात नऊ दिवस माणूस घराबाहेर निघत नाही. ऑक्टोबरची ती काय गरमी!

अक्षरवेल
'गरमी' हिंदीतून आलेली आहे. मराठीत उकाडा, उष्मा, तलखी, काहिली इतके शब्द असताना?

वऱ्हाडी
उकाडा दमट हवेचा. घामाने माणूस उकडतो तो उकाडा. नागपुरात घाम येण्याआधी वाळतो, अंगाची लाही होते. उकाडा म्हणून आमचं ऊन सांगताच येत नाही. राहिला 'गरम'. तो फारसीतून आला खरा, पण फारसी 'गर्म' आणि संस्कृत 'घर्म' हे सख्खे भाऊ. त्याच घर्माचा आपला 'घाम' झाला. हिंदी बोलींत घाम म्हणजे ऊन, आपल्याकडे उन्हाने जे निथळतं ते. मग परका कोण?

अक्षरवेल
व्युत्पत्ती मान्य. पण घरात धाकटा भाऊ असताना परदेशातल्या भावाला बोलावायचं कारण काय? दोन पिढ्यांनी तलखी कोणाला कळणारच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तळकोकण
मैत्रायणीताई, मूळ वाक्यातलंच एक विचारतो. 'पहिलं हिव पडलं' म्हणता, पण हिव तर भरतं ना? तापात हिव भरतं. पडतं ते दहिवर.

गोदाकाठ
दहिवर म्हणजे दंव, ते गोठलेलं नसतं. निफाडला काही वर्षी पारा पाचाच्या खाली जातो. पहाटे गवतावर पांढरं जमतं, त्याला पेपरवाले 'दवबिंदू गोठले' लिहितात. आमच्याकडे सरळ 'बर्फ पडलं' म्हणतात. अशा रात्री द्राक्षबागेत ओळींच्या मध्ये शेकोट्या पेटवून आम्ही जागे असतो. डोळ्यांत धूर जातो, तरी उठता येत नाही, कारण सकाळी मणी तडकले तर वर्षाची मेहनत गेली. भारतात हिवाळा नसतो म्हणणाऱ्या तुमच्या मैत्रिणीला जानेवारीत पहाटे चारला इथे आणा.

मैत्रायणी
नक्की आणते. पण अंक शुक्रवारी छापायला जातोय. सध्या 'हिव' ठेवलंय, 'इंडियन समर' तसंच देवनागरीत ठेवून खाली टीप दिलीय. दोन्ही पटत नाहीत.

तळकोकण
गोदाकाठ, 'मणी तडकणे' फक्त थंडीचं का? आमच्याकडे पावसाने फुटलेल्या कोकमालाही 'तडकलं' म्हणतात.