घर सोडताना अनामत रकमेतून काय काय कापले गेले?

धागाकर्ती:
मुलगी या महिनाअखेरीस वाकडचा भाड्याचा फ्लॅट सोडत आहे. तिच्यासाठी माळ्यावरून रिकामी खोकी काढताना एका खोक्याच्या तळाशी आमच्या कर्वेनगरच्या घरमालकांनी २००९ साली दिलेली चिठ्ठी सापडली आणि इतक्या वर्षांनीही पुन्हा तसाच संताप आला. चाळीस हजारांच्या अनामत रकमेतून 'रंग ११,०००, सफाई २,५००, नळ १,८००, किरकोळ १,०००' अशी वजावट त्यांनी सुबक अक्षरात मांडली होती. 'किरकोळ' म्हणजे काय, असे यजमानांनी विचारले, तेव्हा "असतंच की हो काही ना काही" असे उत्तर मिळाले.

आम्ही त्या घरात राहायला गेलो तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीवर आधीच्या भाडेकरूच्या कॅलेंडरचा फिकट चौकोन आणि वर एक खिळा होता. आम्ही चार वर्षे त्याच खिळ्याला आमचे कॅलेंडर लावले, आणि निघताना मात्र तो खिळा आमच्या नावावर मोजला गेला. आपलेही असे अनुभव असल्यास अवश्य लिहावेत. घरमालकांनीही लिहावे.

वाकडकर:
ताई, मुलीला नळांकडे आधी लक्ष द्यायला सांगा. आमच्या सोसायटीत वर्षातले आठ महिने बोअरवेलचे आणि टँकरचे पाणी येते. त्यातील क्षारांचा पांढरा थर नळांवर, शॉवरच्या जाळीवर आणि गिझरच्या कॉइलवर असा बसतो की व्हिनेगरने घासूनही तो पूर्ण निघत नाही. मालकांनी दोन्ही न्हाणीघरांचे सर्व नळ बदलण्याचा खर्च आमच्यावर टाकला, तेव्हा मी त्यांना शेजारच्या, म्हणजे ते स्वतः राहतात त्या फ्लॅटमधील नळ पाहू या, असे सुचवले. ती वजावट तिथेच रद्द झाली.

बंगळूरहून:
आपल्याकडे वजावटीवर निदान वाद तरी घालता येतो. आम्ही येथे आलो त्या काळी दहा महिन्यांचे भाडे अनामत म्हणून देण्याची रीतच होती आणि घर सोडताना एक महिन्याचे भाडे रंगकामासाठी कापले जाणार, हे करारातच छापलेले असे. आम्ही अवघ्या अकरा महिन्यांत घर सोडले, भिंतीला बोटही लावले नव्हते, तरी महिन्याचे भाडे गेलेच. पुढे त्याच इमारतीत राहणाऱ्या मित्राकडून कळले की नवे भाडेकरू आमच्याच रंगात राहत होते.

ठाण्याची घरमालकीण:
मालकांनाही बोलावले आहे, म्हणून लिहिते. देवघरामागच्या भिंतीवरील समईची काजळी, ओट्याजवळचे फोडणीचे तेलकट डाग किंवा दाराच्या कडीभोवतीचा हातांचा मळ यांसाठी मी आजवर कोणाचाही एक रुपया कापलेला नाही, कारण माणसे राहिली की घर वापरले जाणारच. परंतु आमच्या एका भाडेकरूने कपड्यांच्या दोरीसाठी खिडकीच्या ग्रॅनाइटच्या चौकटीत ड्रिलने भोक पाडले, त्यामुळे ती पट्टी आडवी तडकली आणि त्या पावसाळ्यात पाणी आत येऊन खालची भिंत फुगली. नवी पट्टी, वॉटरप्रूफिंग आणि मजुरी मिळून नऊ हजार खर्च झाला, आणि मी पावत्यांसह तेवढीच रक्कम मागितली. तेव्हा "इमारतच जुनी आहे" असे मला ऐकवण्यात आले. त्यांनी शेवटच्या दोन महिन्यांचे भाडे 'डिपॉझिटमधून वळते करा' म्हणून आधीच थांबवले असल्यामुळे माझ्या हातात कापायला काही उरलेच नव्हते. ते नऊ हजार मला आजतागायत मिळालेले नाहीत.

धागाकर्ती:
ताई, आपली तक्रार रास्त आहे. फुगलेली भिंत मी पाहिली आहे. नुसता हात लावला तरी पोपडे पडतात.

निवृत्त लिपिक:
थोडे कायद्याविषयी लिहितो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार पट्टेदाराने जागा ज्या स्थितीत घेतली त्या स्थितीत परत करावयाची असते, मात्र वाजवी वापराने होणारी झीज त्यातून वगळलेली आहे. आपल्याकडील लीव्ह अँड लायसन्स हा पट्टा नसून परवाना असल्यामुळे त्या कलमावर विसंबून राहू नये. झीज वगळण्याचे वाक्य आपल्या करारात आहे ना, हे अंगठा देण्यापूर्वीच वाचावे. दुसरे असे की महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. करार नोंदवलेला नसल्यास शर्तींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ही गोष्ट पुष्कळ घरमालकांना ठाऊक नसते.

बंगळूरहून:
काका, हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितले असते तरी उपयोग नव्हता, कारण आम्ही दुसऱ्या राज्यात होतो!

इंग्लंडहून, रीडिंग:
आमचा तंटा हळदीवरून झाला. पांढऱ्या लॅमिनेटच्या ओट्यावर पुरणाच्या हळदीच्या हाताचा पिवळा ठसा उमटला आणि मालकाने नव्या ओट्याचे चारशे पौंड मागितले. येथे एप्रिल २००७ पासून अशी अनामत रक्कम मान्यताप्राप्त संरक्षण योजनेत ठेवणे मालकांना बंधनकारक आहे आणि वाद झाल्यास त्या योजनेचा लवाद विनाशुल्क निर्णय देतो. आम्ही राहायला आलो त्या दिवशीच्या अहवालात त्याच ओट्यावर जुने ओरखडे असल्याची नोंद होती. जुन्या वस्तूच्या बदल्यात कोरी वस्तू भाडेकरूच्या पैशाने घेता येत नाही, असे सांगून लवादाने साठ पौंडच मंजूर केले. त्याच मालकाने व्यावसायिक सफाईचे दीडशे पौंडही लावले होते. १ जून २०१९ पासून येथे भाडेकरूवर तशी सक्ती करता येत नाही, घर घेताना होते तितके स्वच्छ करून दिले की पुरते, त्यामुळे ती रक्कम पूर्ण सुटली. हळदीचा डाग उन्हात आपोआप फिका होतो, हे मला नंतर सासूबाईंनी सांगितले. आमच्या ओट्यावर ऊन मात्र कधीच येत नसे.

वाकडकर:
त्या अहवालाचे महत्त्व आम्ही उशिरा ओळखले. आता कोणतेही घर घेताना सामान आत जाण्यापूर्वी मी प्रत्येक खोलीचे छायाचित्रण करतो, त्यात सिंकखालचे कपाट, सरकत्या खिडक्यांच्या खाचा आणि चिमणीची जाळीही घेतो, आणि ते त्याच दिवशी मालकांना पाठवून त्यांचे 'ठीक आहे' घेऊन ठेवतो.

धागाकर्ती:
मुलीने असे काहीच केलेले नाही, हे नुकतेच फोनवर कळले. तिने भिंतीवर दुहेरी चिकटपट्टीने लावलेले सहा हूक मात्र आहेत आणि ते ओढले की रंगासकट निघत आहेत. त्यावर कोणास काही उपाय ठाऊक आहे काय?

ठाण्याची घरमालकीण:
ओढू नका. केस वाळवण्याच्या यंत्राने मिनिटभर गरम हवा द्यावी आणि मग शिवणाचा दोरा चिकटपट्टीमागून करवतीसारखा फिरवावा. खोबरेल तेल मुळीच लावू नका, भिंतीवर तेलाचा डाग राहतो आणि तो मी सुद्धा कापते.