केशवसुतांच्या 'तुतारी'त किंकाळी का?

कोपऱ्यातलाबाक: मंडळी, लेकीला 'तुतारी'चं रसग्रहण लिहायचंय. (निवडणुकीतली नव्हे, केशवसुतांची, १८९३ची.) यमकं तिनं पटापट काढली. अडलं इथे: 'भेदुनि टाकिन सगळीं गगनें, दीर्घ जिच्या त्या किंकाळीनें'. ती म्हणते, बाबा, किंकाळी घाबरलेला माणूस फोडतो, तुतारीची ललकारी असते ना? मी 'मात्रा बसवायला घेतलं असेल' असं ठोकून दिलं. आता मलाच चैन नाही.

मात्रामोजे: ठोकून दिलंत ते चुकलं. ओळीला १६ मात्रा. (ऱ्हस्व अक्षर ते लघू, मात्रा एक; दीर्घ किंवा अनुस्वाराचं ते गुरू, मात्रा दोन.) 'किंकाळीने' आठ मात्रांचं, 'ललकारीने' मोजा, तेही आठच. म्हणजे ललकारी आरामात बसत होती, तरी घेतली नाही. आता उच्चारून बघा. 'सगळीं गगनें'मध्ये लघू अक्षरं, जीभ पळते. 'किं-का-ळी-ने' चारही गुरू, श्वास ताणावाच लागतो. आधी 'दीर्घ' म्हटलंय, मग तसं ऐकवलंय. त्याआधीच्या 'फुंकिन मी जी स्वप्राणाने'तलं 'स्वप्राणाने'ही चार गुरूंचंच (पुढच्या 'प्रा' या जोडाक्षरामुळे 'स्व'ही गुरू). प्राण फुंकला, किंकाळी निघाली.

शिमगेकर: पालखीपुढे तुतारी कानाशी वाजलीय का कुणाच्या? आधी नुसती भों, मग सूर चढत चढत फाटतो. आमच्याकडे कडेवरची पोरं भोकाड पसरतात. ललकारी लांबून ऐकणाऱ्यांसाठी!

अर्धाचहा: पण हिला स्वातंत्र्याची कविता म्हणतात, ती कशी? इंग्रज कुठेयत हिच्यात?

मात्रामोजे: इंग्रज नाहीतच. बेड्या रूढींच्या आहेत. 'जुनें जाऊं द्या मरणालागुनि' म्हणतो तो. आणि 'सडत न एक्या ठायीं ठाका' घ्या. प्रतिमा साचलेल्या डबक्याची, पण ठ-ठ असा की मागून कुणी ढकलतंय. 'टाका, ठाका, हाका' ही तीन यमकं लागोपाठ, आणि कडव्याची पाचवी ओळ पहिलीच्या 'नि'शी जाऊन मिळते. मला तरी हे कवायतीच्या पावलांसारखं वाटतं. 'खांद्यास चला खांदा भिडवूनी' तिथेच येतं, उगाच नाही.

कोपऱ्यातलाबाक: आत्ता मोठ्यानं वाचून घेतलं. 'ठाका'ला लेकीनं पाय आपटला, खालच्या मजल्यावरून फोन आला. 'मात्रा बसवायला' हे वाक्य तिनं वहीतून खोडलंय. शेजारी पेन्सिलीनं लिहिलंय, 'बाबांनी न मोजता सांगितलेलं'.