मदत हवी आहे: राउटरच्या एकाच पोर्टवर दोन आयपी दिले, तरी मशिन सापडत नाही

नमस्कार मंडळी,
भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. चिंचवडचा गाळा सोडून तिथली दोन सीएनसी (कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर चालणारी) मशिनं इकडे आणली. इकडच्या सगळ्यांचे आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) १९२.१६८.१.० च्या गटात, आणलेली मशिनं १९२.१६८.१०.० च्या गटात. त्यांचे आयपी बदलायचे नाहीत. प्रोग्रॅम पाठवायचं सॉफ्टवेअर त्याच आकड्यांवर बसवलंय. राउटर सिस्कोचा, लॅनला (आतल्या नेटवर्कला) एकच पोर्ट, पुढे साधा स्विच. म्हणजे व्हीलॅनची (एकाच तारेवर वेगवेगळी नेटवर्कं करायची) सोय नाही.

गुरुवारी सुट्टी, म्हणून तेव्हा काम काढलं. दोन्ही गट एकमेकांशी बोलावेत म्हणून पोर्टवर १९२.१६८.१०.१ टाकला, तर आधीचा १.१ (म्हणजे १९२.१६८.१.१; पुढेही शेवटचे दोनच आकडे लिहितोय) पुसलाच गेला! मी टेलनेटने (नेटवर्कवरूनच राउटर चालवायची सोय) आत होतो, तेही तुटलं. सेव्ह केलं नव्हतं हे नशीब. राउटर बंद-चालू केल्यावर जुनं परत आलं. मग कळलं की ओळीच्या शेवटी ‘सेकंडरी’ लिहावं लागतं. आता दोन्ही आयपी दिसतात.

पण राउटरवरून मशिनला (१०.२०) पिंग (पोहोच तपासायचा निरोप) जातो, आणि माझ्या कॉम्प्युटरवरून (१.३५) जात नाही. १०.१ ला मात्र जातो. कुठे चुकतंय? शनिवारी जॉब द्यायचाय, फार अडलोय.

प्रतिसाद १:
मशिनमध्ये गेटवे (दुसऱ्या गटाला उत्तर ज्या राउटरमार्फत धाडायचं त्याचा आयपी) भरलाय का ते आधी बघा. राउटर पिंग करतो तेव्हा स्वतःचा १०.१ वापरतो, मशिनला तो शेजारीच दिसतो आणि उत्तर येतं. तुमचा १.३५ तिच्यासाठी परका. निरोप पोहोचतो, पण उत्तर कोणाकडे द्यायचं हे तिला ठाऊक नाही.

धागाकर्ता:
अगदी तेच! गेटवेच्या जागी सगळी शून्यं होती. १०.१ भरला, लगेच पिंग आला. दुसऱ्या, जुन्या मशिनमध्ये मात्र गेटवेचा रकानाच नाही.

प्रतिसाद १:
मग तीच युक्ती कॉम्प्युटरवर करा. विंडोजमध्ये त्याच नेटवर्क कार्डाला हाताने दुसरा आयपी द्या, १०.२०० वगैरे, मोकळा असलेला. त्याला वेगळा गेटवे नको. मग राउटर मध्ये येतच नाही, थेट स्विचमधून बोलणं होतं.
आणखी एक, हे कळकळीने सांगतो: आयपीच्या दोन रेंज (गट) झाल्या म्हणून मशिनं वेगळी, सुरक्षित झाली असं समजू नका. तार एकच आहे. ऑफिसच्या एका कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला तर मशिनंही त्याच्या आवाक्यात. पुढे पैसे हाताशी आले की व्हीलॅनवाला स्विच घ्याच.

धागाकर्ता:
दुसरं मशिनही लागलं, प्रोग्रॅम गेला. मनापासून आभार. राउटरवर आता सेव्ह करून टाकतो.