झटका मशीन समजून घ्यायचे आहे. इलेक्ट्रॉनिक्सची सुरुवात कुठून करावी?

कोरडवाहू

नमस्कार. मी आर्वी तालुक्यात शेती करतो. रोही (नीलगायी) आणि रानडुकरांपासून तूर-हरभरा वाचवण्यासाठी धुऱ्यावर सौर झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारे यंत्र, बसवले आहे, पण यंदा ते मध्यरात्रीनंतर बंद पडते. दर वेळी दुरुस्तीसाठी वर्ध्याला हेलपाटा होतो आणि नेमके काय केले हे तेथे कोणी सांगत नाही. म्हणून वीज आणि साधी सर्किटे स्वतःच शिकावीत असे ठरवले आहे. शिक्षण बारावी, तेही कला शाखेचे. मल्टिमीटर घेतला, तर त्याने गोंधळ वाढवला: पॅनेलवर 12 व्होल्ट लिहिलेले असताना भर उन्हात तो 20 च्या वर आकडा दाखवतो, आणि सकाळी बॅटरी 12.1 दाखवत असूनही मशीन चालत नाही. काय वाचावे, कोणते साहित्य घ्यावे आणि पहिला प्रयोग कोणता करावा? खर्च हजार रुपयांच्या आत ठेवायचा आहे.

डीपीखालचा

मी निवृत्त लाइनमन आहे. तुमचा मीटर बिघडलेला नाही, दोन्ही आकडे खरे आहेत. 12 व्होल्टच्या पॅनेलमध्ये सहसा 36 सेल ओळीने जोडलेले असतात आणि काहीही जोडलेले नसताना प्रत्येक सेल सुमारे 0.6 व्होल्ट देतो, म्हणजे एकूण 21 च्या आसपास. बॅटरी जोडली की हा आकडा खाली येतो. बॅटरीचे उलटे आहे. तिच्याकडून काम करून न घेता मोजलेला व्होल्ट तिची ताकद सांगत नाही. मशीनकडे जाणाऱ्या वायरी मशीनपासून सोडवा आणि त्या टोकाला मोटारसायकलच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट 10 वॉटचा बल्ब लावा. बल्ब पेटलेला असताना आधी थेट बॅटरीच्या खांबांवर, म्हणजे वायरी जोडतात त्या टोकांवर, आणि मग बल्बपाशी व्होल्ट मोजा. दोन आकड्यांत जो फरक पडेल तो वाटेत कुठेतरी खर्च झालेला असतो.

मशीन मात्र इतक्यात उघडू नका. आतला कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारा भाग, काही शे व्होल्टपर्यंत भारलेला असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो भार टिकू शकतो. कुंपणाच्या तारेला हा मीटर लावू नका, कारण तेथे क्षणभराचे का होईना, हजारो व्होल्ट असतात. आणि कोणी कितीही सांगितले तरी घरातली 230 व्होल्टची लाइन तारेत सोडू नका. मशीनचा झटका क्षणात संपतो, म्हणून जनावर मागे सरकते. घरची लाइन धरून ठेवते आणि माणूस जातो. तो गुन्हाही आहे.

प्रयोगवही

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. नववीच्या बालभारतीच्या पुस्तकातील ‘धाराविद्युत’ हे प्रकरण वाचावे, सुरुवातीला तेवढे पुरते. टाकीची उंची म्हणजे व्होल्टेज, पाइपातून वाहणारे पाणी म्हणजे करंट आणि पाइपाचा अरुंदपणा म्हणजे रोध, ही उपमा ओलिताची सवय असलेल्याला लगेच पटते. पण ती फार ताणू नये, कारण पाइप तुटला तर पाणी बाहेर वाहत राहते, वायर तुटली तर करंट थांबतो. सर्किट म्हणजे परतीची वाट असलेला फेरा, हे आधी मनात पक्के करावे.

साहित्यात ब्रेडबोर्ड (डाग न देता सुटे भाग खोचून सर्किट जोडायची पाटी), 9 व्होल्टची बॅटरी, दहा एलईडी आणि काही रोध पुरेत. नागपूरला गेलात तर सीताबर्डीच्या बाजारात हे सर्व मिळेल. तयार किट घेऊ नये असे माझे मत आहे. त्यात जोडणी होते, पण हिशेब शिकायचा राहून जातो. लाल एलईडी स्वतःकडे सुमारे 2 व्होल्ट ठेवतो, उरलेले 7 व्होल्ट रोधाने घ्यायचे आणि करंट 15 मिलिअँपिअर, म्हणजे 0.015 अँपिअर ठेवायचा, म्हणून 7 भागिले 0.015, म्हणजे सुमारे 467 ओहम; ओहम हे रोधाचे माप. बाजारात 470 ओहमचा रोध मिळतो. त्यावरचे पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी असे असतात. जॉर्ज ओहमने 1827 मध्ये मांडलेला नियम इतकाच आहे. मीटर अँपिअरवर ठेवून त्याच्या पिना थेट बॅटरीला कधीही लावू नका; करंट मोजताना मीटर वाटेत ओवायचा असतो.

हे जमल्यावर 555 हा आयसी, म्हणजे ठरावीक वेळाने चालू-बंद करणारी छोटी चिप, घ्या. 10 हजार आणि 68 हजार ओहमचे रोध आणि 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की एलईडी सेकंदाला साधारण एकदा उघडझाप करतो. तुमच्या मशीनची टकटकही जवळपास त्याच तालाची असते, त्यामुळे कपॅसिटर भरणे आणि रिकामा होणे हे येथे सुरक्षितपणे कळेल.

कोरडवाहू

बल्ब लावून मोजले. बॅटरीच्या खांबांवर 11.8 आणि बल्बपाशी 9.4. बॅटरीच्या खांबावरची क्लिप काढून पाहिली तर आत हिरवट-पांढरा थर साचला होता. बल्ब सुमारे 0.8 अँपिअर घेतो असे धरले, तर त्या थराचा रोध 3 ओहमच्या घरात जातो. हा हिशेब बरोबर आहे का?

डीपीखालचा

बरोबर आहे. तुमच्या पॅनेलची वीजही त्याच क्लिपमधून बॅटरीत जात असेल, तर चार्जिंग कंट्रोलरला (पॅनेलमधून बॅटरी किती भरायची ते ठरवणाऱ्या भागाला) बॅटरी भरल्यासारखी दिसते आणि ती अर्धवटच भरते. मध्यरात्री बंद पडण्याचे कारण तेच असावे. पॅनेल आणि बॅटरी सोडवून क्लिप आणि खांब सँडपेपरने घासा, घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीन लावा.

कोरडवाहू

चार रात्री झाल्या, पहाटे धुऱ्यावर गेलो तरी टकटक ऐकू येते. एलईडीही पेटवला, मात्र पहिला जळाला. तिसरा पट्टा काळा होता, म्हणजे मी 470 ऐवजी 47 ओहमचा रोध लावला होता.