गॅरेजचं दार गोठलंय, बटण दाबू नका (ग्रुपवरची चर्चा)

४ नंबर: मंडळी, गॅरेजचं दार सकाळपासून उघडत नाहीये. मोटर घुर्र करते, दार जरासं थरथरतं आणि थांबतं. गाडी आत, मी बाहेर. मोटरचा फोर्स कसा वाढवायचा, कोणाला माहीत आहे?

९ नंबर काका: फोर्सला हात लावू नका. आणि आधी बटण दाबणं थांबवा.

४ नंबर: काका, आतापर्यंत बरंच दाबून झालंय 🙈

९ नंबर काका: खालचं रबर जमिनीला चिकटलंय. काल दुपारी बर्फ वितळला, पाणी दाराखाली साचलं आणि रात्री तिथेच गोठलं. मोटर ओढत राहिली तर रबर फाटेल, नाहीतर मोटरचा गिअर जाईल. बऱ्याच मोटरींत तो प्लास्टिकचा असतो.

१२ नंबर वहिनी: उकळतं पाणी ओता ना, लगेच सुटेल.

९ नंबर काका: सुटेल हो वहिनी, पण तेच पाणी रात्री पुन्हा गोठेल, आणि आजच्यापेक्षा जास्त. ओतायचंच तर कोमट ओता, आणि दार उघडल्या उघडल्या उंबऱ्याची जागा कोरडी पुसून काढा. त्यापेक्षा हेअर ड्रायर बरा. वायर पाण्यात पडू देऊ नका. बर्फ खरवडायला प्लास्टिकची पट्टी घ्या. लोखंडी उलथनं घेतलंत तर रबराचं काम तमाम.

१५ नंबर ताई: आम्ही उंबऱ्यावर मीठ टाकतो.

९ नंबर काका: ताई, मिठाने बर्फ वितळतो, पण दाराची खालची पट्टी आणि केबलची टोकं गंजतात. काँक्रीटही पापुद्रे धरतं. पाय घसरू नये म्हणून हवं असेल तर वाळू टाका.

७ नंबर: दार मोटरपासून सोडवायची ती लाल दोरी ओढून हाताने उघडता येतं ना? आमच्याकडे वीज गेली की तेच करतो.

९ नंबर काका: येतं. पण दोरी दार पूर्ण बंद असतानाच ओढायची. दार वर असताना ओढली आणि स्प्रिंग तुटलेली असली, तर ते धाडकन खाली येतं. ४ नंबर, आधी रबर मोकळं करा, मग दोरी. हाताने उचलताना दार नेहमीपेक्षा फार जड लागलं तर तिथेच थांबा.

४ नंबर: जड लागलं तर काय समजायचं?

९ नंबर काका: स्प्रिंग गेली. लोकांना वाटतं, दार मोटर उचलते. दाराचं वजन स्प्रिंग तोलते, मोटर फक्त ढकलते आणि ओढते. म्हणून तर म्हणतो, फोर्स वाढवून उपयोग नाही. दुखणं दुसरीकडेच असतं आणि आपण मोटरला दामटतो. शिवाय फोर्स वाढवला की दाराखाली कोणी सापडलं तरी दार लवकर थांबत नाही.

२ नंबर: स्प्रिंग थंडीतच का तुटते? आमची गेल्या हिवाळ्यात पहाटे तुटली. बंदुकीसारखा आवाज झाला.

९ नंबर काका: थंडीत पोलाद कडक होतं, त्यात घासलेली, गंजलेली स्प्रिंग पहिल्या झटक्याला जाते. साध्या स्प्रिंगचं आयुष्य साधारण १०,००० उघडझाप धरतात. दिवसातून ४ वेळा दार वापरलं तर जेमतेम ७ वर्षं. आपल्या सगळ्यांची दारं एकाच वेळी बसवलेली, तेव्हा हिशेब करा.

७ नंबर: मग आपणच बदलून टाकूया की, पान्हे आहेत माझ्याकडे.

९ नंबर काका: नाही. ताणलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडतो, डोळाही जाऊ शकतो. दाराच्या तळाशी केबल ज्या पट्टीला अडकवलेली असते, तिचे बोल्टही ढिले करायचे नाहीत. ते काम कारागिराचं. तुम्ही तोल तपासा: दार बंद करून दोरी ओढा, हाताने अर्ध्यावर न्या आणि हळूच आधार काढा. तिथेच थांबलं तर ठीक. खाली घसरलं किंवा आपणहून वर गेलं, तर स्प्रिंग बघायला हवी.

७ नंबर: बरं, तेल तरी देतो. रुळाला ग्रीस लावून टाकतो मस्तपैकी.

९ नंबर काका: रुळाला नाही हो! रूळ फक्त कापडाने पुसा. तिथे ग्रीस लावलं की धूळ चिकटते, थंडीत घट्ट होते आणि रोलर अडकतो. सिलिकॉन स्प्रे किंवा पांढरं लिथियम ग्रीस बिजागऱ्यांना, रोलरच्या बेअरिंगला आणि स्प्रिंगवर थोडंसं. रोलर नायलॉनचा असेल तर चाकाला नको. डब्ल्यूडी-४० साफ करायला ठीक, पण वंगण म्हणून टिकत नाही. खालच्या रबरावर सिलिकॉनच फिरवा, म्हणजे पाणी चिकटणार नाही. पेट्रोलियमचं ग्रीस रबर फुगवतं.

२ नंबर: माझा प्रश्न वेगळा. दार खाली येतं आणि मध्येच परत वर जातं. तेही फक्त सकाळी.

१५ नंबर ताई: दाराच्या दोन्ही बाजूंना खाली सेन्सरचे डोळे असतात, त्यांच्यावर दव नाहीतर कोळ्याचं जाळं असेल. आमच्याकडे तेच निघालं. मऊ कापडाने पुसा.

९ नंबर काका: किंवा ऊन. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, सेन्सरच्या डोळ्यात थेट ऊन शिरतं. हाताने सावली धरून बघा. दार नीट बंद झालं तर पुठ्ठ्याची झडप लावा किंवा दोन्ही डोळ्यांची अदलाबदल करून घ्या.

१२ नंबर वहिनी: दाराला आतून थर्मोकोल लावलं तर? आमची झोपायची खोली गॅरेजच्या वरच आहे, गारठा येतो.

९ नंबर काका: चालेल, पण दाराचं वजन वाढतं. मग तोल पुन्हा बघून घ्यावा लागतो, नाहीतर मोटर तडफडते. आधी फटी बघा. दिवसा गॅरेजचा दिवा बंद करून दार लावा. जिथून उजेड येतो तिथूनच गारठा येतो. बऱ्याचदा बाजूच्या पट्ट्या बदलल्या तरी काम भागतं.

सेक्रेटरी: सर्वांना नम्र विनंती, गाडी गरम करायची म्हणून गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये. दार उघडं असलं तरी नको. धूर घरात शिरतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. 🙏

४ नंबर: सुटलं! ड्रायर चालवला, मग हाताने उचललं. जड नाही लागलं. पण रबर एका कोपऱ्यात फाटलंय.

९ नंबर काका: मग स्प्रिंग शाबूत आहे, छान. रबर बदलायला सोपं आहे, खालच्या पन्हाळीतून सरकवून काढतात. जुन्याचा एक तुकडा कापून सोबत न्या. काहींची कड टी आकाराची असते, काहींची गोल, चुकीची आणलीत तर पन्हाळीत शिरणार नाही. लांबी दारापेक्षा थोडी जास्त घ्या. थंडीत रबर आखडतं, आधी तासभर घरात ठेवा.

७ नंबर: सरकवताना दुसऱ्या टोकाला कोणी धरायला हवं का?

९ नंबर काका: हवंच. तुम्ही जा, पान्हे घरी ठेवून.